नॅरोबोट घेऊन भरतीच्या थेम्सवर जायचंय? लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड, पहिल्यापासून शेवटपर्यंत

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कॅनॉलवरची लांब, अरुंद बोट. ती साठलेल्या पाण्यासाठी बनवलेली असते, एवढं आधी मनात पक्कं करून घ्या, बाकी सगळं त्यावरूनच येतं. रुंदी ६ फूट १० इंच, लांबी आमच्यासारखी ५७ फूट, काहींची ७२ पर्यंत, तळ सपाट, पंधरा-सोळा टन लोखंड आणि ते ढकलायला एक छोटं डिझेल इंजिन. कॅनॉलवर ताशी ४ मैलांच्या वर जायचंच नसतं, इंजिन बंद पडलं तर बोट हळूच झुडपात जाऊन थांबते, आपण काठावर उतरतो, चहा ठेवतो आणि मग बघतो काय झालंय ते. भरतीच्या नदीत असं करता येत नाही. तुमचं इंजिन थांबलं तरी पाणी थांबत नाही, ते तुम्हाला सोबत घेऊन जातं, आणि पुढे पुलाचा खांब असतो नाहीतर नांगरलेला बार्ज (मालवाहू सपाट बोट) असतो. म्हणून खाली लिहिलेल्या तयारीतली निम्मी तयारी एकाच प्रश्नासाठी आहे, मध्येच इंजिन गेलं तर काय.

मी मूळचा दाभोळच्या खाडीकाठचा, वाशिष्ठीचं पाणी दिवसातून दोनदा चढताना-उतरताना बघतच मोठा झालो, त्यामुळे भरती-ओहोटी मला नवीन नव्हती. तरीही पहिल्यांदा थेम्सवर जायच्या आधी आम्ही दोघांनी तीन महिने तयारी केली होती आणि आज परत करायचं म्हटलं तर तेवढीच करेन.

आधी कुठला रस्ता घ्यायचा ते ठरवा

पहिल्या वेळेला सोपा म्हणजे ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन. पाचेक मैल, क्लिपर म्हणजे वेगाने जाणाऱ्या प्रवासी बोटी नाहीत, लाटा जवळजवळ नाहीत, आणि टेडिंग्टनच्या वर नदीला भरती लागतच नाही. ज्यांनी आजवर फक्त कॅनॉल बघितलाय त्यांनी हेच आधी करावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानंतर लाइमहाउस ते ब्रेंटफर्ड, साधारण १६ मैल, भर लंडनमधून, टॉवर ब्रिजखालून. हा लेख मुख्यतः त्याचाच.

बो क्रीक ही ली नदीच्या तोंडाची खाडी बऱ्याच जणांना खुणावते कारण ली नदीवरून बो लॉकमधून (लॉक म्हणजे बोट एका पातळीवरून दुसऱ्या पातळीच्या पाण्यात नेणारा दोन दारांचा हौद) सरळ खाडीत उतरता येतं. ती पहिल्यांदा नको. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो, आणि पाणी भरपूर असेल तर तेवढंच ते पुलांच्या जवळ जातं, म्हणजे खाली चिखल आणि वर पूल यांच्यामधली जी थोडी वेळ मिळते ती गाठायची. शिवाय थेम्सला लागल्यावर आयल ऑफ डॉग्जला वळसा घालून लाइमहाउसला वर यायचं तर भरती हवी, म्हणजे खाडीतून मात्र भरतीच्या उलट उतरायचं. जुन्या बार्जवाल्यांना पण हाच त्रास होता, म्हणूनच १७७० मध्ये लाइमहाउस कट हा कॅनॉल खोदला गेला, म्हणजे खाडी आणि तो वळसा दोन्ही वाचले. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांनी आपल्यासाठी वाट काढून ठेवलीय, तिने या.

बाकीच्या नद्यांबद्दल थोडक्यात. ट्रेंटवर क्रॉमवेल लॉकच्या खाली भरती लागते, कीडबीपर्यंत चाळीसेक मैल, तिथे वळणाच्या आतल्या बाजूने शॉर्टकट मारला की बोट गाळावर बसते आणि पाणी उतरलं की तिथेच राहते. रिबल लिंक २००२ ला उघडली, बाकीच्या कॅनॉलवरून लँकेस्टर कॅनॉलला जायचा तोच एक पाण्याचा रस्ता, पण ठरलेल्या दिवशी आणि आधी बुकिंग करूनच. सेव्हर्नवर शार्पनेसच्या खाली पायलट (वाट दाखवणारा जाणकार) घेतल्याशिवाय जाऊ नका, तिथे पाण्याचा चढउतार जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये धुक्यात शार्पनेसचं तोंड चुकलेले दोन टँकर बार्ज पाण्याने वर ओढत नेले आणि ते रेल्वेच्या पुलावर जाऊन आदळले, पाच माणसं गेली. ती रोजचा रस्ता माहीत असलेली माणसं होती.

दिवस आणि वेळ काढणं

आमच्याकडे भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. हे गणित कोकण किनाऱ्याचं आहे, लंडनला ते लावू नका. लंडन ब्रिजला अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती साधारण दोन-अडीचला येते, तीही पाणी समुद्रातून नदीत इतकं आत आल्यावर. पण उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे दोन शब्द मात्र इथे अगदी तसेच चालतात. उधाणाला लंडन ब्रिजजवळ चढउतार साडेसहा मीटरच्या आसपास, भांगाला साडेचार-पाच. पहिल्या वेळेला भांगाच्या जवळचा दिवस घ्या, ओढ कमी असते आणि चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो.

पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचं टाइड टेबल घ्या आणि सगळ्यात आधी वेळ जीएमटीत दिलीय की समर टाइममध्ये ते बघा. एक तासाची ही चूक फार लोक करतात, आणि इथे एक तास म्हणजे बंद लॉकसमोर उलट्या प्रवाहात उभं राहणं.

आता गणित. समजा लंडन ब्रिजला पूर्ण भरती दुपारी १ ला आहे. ब्रेंटफर्डला ती तासाभराने, म्हणजे २ च्या सुमाराला पोचते. ब्रेंटफर्डचं थेम्स लॉक तिथल्या भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत चालतं, म्हणजे १२ ते ४. आपली बोट पाण्यातून ताशी ५ मैल जाते असं धरा, मागून भरती सरासरी २ मैलांची मदत करते, म्हणजे ७, आणि १६ मैलांना सव्वादोन-अडीच तास. लाइमहाउसहून १० ते साडेदहाला बाहेर पडलात तर साडेबारा-एकच्या दरम्यान ब्रेंटफर्डला पोचता आणि हातात तीन तास शिल्लक राहतात. हे शिल्लक तास महत्त्वाचे, फिल्टर बदलायला लागला, वाटेत थांबायला लागलं तर तेच खर्च होतात.

आणि ओढ सगळे सहा तास सारखी नसते. पहिल्या तासात एकूण चढणाऱ्या पाण्याचा बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात परत एक. थेम्समध्ये हे तंतोतंत बसत नाही, वरच्या भागात ओहोटी लांबते, पण मधले दोन तास जोराचे एवढं लक्षात ठेवायला पुरेसं आहे.

वारा बघा. भरती पूर्वेकडून पश्चिमेला जाते आणि इथला नेहमीचा वारा नैऋत्येचा, म्हणजे समोरासमोर. असं झालं की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि नॅरोबोटीला त्याच वाईट. वारा फोर्स ४ म्हणजे मध्यम जोराचा सांगितला असेल तर आम्ही जात नाही, दुसरा दिवस घेतो. बुकिंग केलंय, सुट्टी घेतलीय, पाहुणे आलेत, या तिन्ही कारणांनी लोक निघतात आणि तिन्ही कारणं पाण्याला माहीत नसतात.

बोटीची तयारी, इंजिनपासून

डिझेलच्या टाकीत तळाला वर्षानुवर्षांचा गाळ आणि पाणी साठलेलं असतं. कॅनॉलवर ते शांत पडून राहतं. थेम्सवर बोट हलली की सगळं ढवळलं जातं, फिल्टर तुंबतो आणि इंजिन गचके खात बंद पडतं, ते पण नेमकं लाटा असतात तिथेच. म्हणून महिनाभर आधी टाकीचा तळ काढून घ्या किंवा डिझेल पॉलिश (गाळून साफ) करून घ्या, दोन्ही फिल्टर नवे टाका, एक जोडी जादा ठेवा, टाकी वरपर्यंत भरा. आणि फिल्टर बदलून डिझेलच्या नळीतली एअर काढणं स्वतः करून बघा, घड्याळ लावून. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती, चौथ्या वेळेला बारा.

दुसरं, गरम होणं. बहुतेक नॅरोबोटींना स्किन टँक असतो, इंजिनाचं पाणी बोटीच्या पत्र्याला लागून फिरून थंड होतं. कॅनॉलवरच्या कमी स्पीडला तो पुरतो, पण दोन-अडीच तास जोरात चालवल्यावर पुरेल का ते आधी कळत नाही. एखाद्या खोल नदीवर जाऊन तासभर १८००-२००० आरपीएमला चालवून बघा. काटा चढत राहिला तर आधी ते निस्तरा.

वीड हॅचचं, म्हणजे पाण्यातल्या पंख्यात अडकलेला कचरा काढायच्या खिडकीचं, झाकण नीट बसलंय का, रबर ठीक आहे का, क्लॅम्प घट्ट आहे का, हे निघायच्या सकाळी परत बघा. पंखा जोरात फिरायला लागला आणि झाकण सैल असलं तर पाणी सरळ इंजिनच्या खड्ड्यात येतं, आणि पाय ओले होईपर्यंत कळत नाही. स्टर्न ग्लँडला (पंख्याचा दांडा बोटीबाहेर जातो तिथल्या सीलला) ग्रीस, बिल्ज म्हणजे बोटीच्या तळातलं पाणी काढायचा पंप हाताने चालवून बघायचा.

मग पाण्याजवळची भोकं. पुढच्या डेकचं पाणी जायची भोकं, पुढच्या दारांच्या खालच्या बाजूच्या जाळ्या, सिंकचे ड्रेन, इंजिनच्या हवेच्या खिडक्या. टेप घेऊन बोटीभोवती फिरा आणि प्रत्येक भोक पाण्यापासून किती वर आहे ते लिहून काढा. पुढच्या दाराच्या जाळ्या आम्ही प्लायवूडचा तुकडा आणि टेप लावून तेवढ्यापुरत्या बंद करतो. पण जाळ्या बंद म्हणजे स्टोव्ह विझवलेला, गॅस सिलिंडरवरून बंद, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू, याला अपवाद नाही. इंजिनच्या हवेच्या खिडक्या मात्र पूर्ण बंद करू नका, इंजिनला श्वास लागतो.

नांगर

कॅनॉलवरच्या बऱ्याच बोटींचा नांगर कुंड्यांच्या खाली, गंजलेल्या शॅकलसकट पडलेला असतो. इथे तो तुमचा ब्रेक आहे. ५७ फुटी बोटीला २० ते २५ किलोचा डॅनफोर्थ जातीचा नांगर, त्याला आठ-दहा मीटर साखळी आणि पुढे जाड दोर, एकूण लांबी पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट तरी. दोराचं आतलं टोक बोटीला बांधलेलं आहे का हे हाताने ओढून बघा, टोक न बांधता नांगर फेकला गेल्याच्या गोष्टी खऱ्या आहेत.

नांगर पुढच्या टोकावर ठेवायचा, मागे नाही. मागून टाकलात तर प्रवाह मागच्या बुटक्या डेकवर चढतो आणि पाणी इंजिनात. पुढून टाकला की बोट फिरून प्रवाहाला तोंड करते आणि तशीच राहते. म्हणजे सुकाणूवाल्यापासून पन्नास फूट पुढे एक माणूस कायम पाहिजे, लाइफजॅकेट घातलेला, आणि दोघांमध्ये वॉकीटॉकी किंवा ठरलेल्या हाताच्या खुणा. इंजिनच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही. म्हणूनच दोघांपेक्षा कमी माणसांनी जाऊ नये, तिघं बरी.

लाइफजॅकेट सगळ्यांना, केबिनच्या बाहेर असेपर्यंत काढायचं नाही, पायांमधून जाणारा पट्टा लावायचा, जॅकेट फुगवणारी गॅसची नळकांडी आधी घट्ट करून बघायची. आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांना टॉवर ब्रिज दाखवायचाय असं असेल तर त्यांना क्लिपरने न्या आणि ब्रेंटफर्डला बोटीवर घ्या. हे मी मनापासून सांगतोय.

कागद आणि फोन

१३.७ मीटर म्हणजे ४५ फुटांपेक्षा लांब बोटीला भरतीच्या थेम्सवर व्हीएचएफ रेडिओ लागतो आणि तो वापरायचं सर्टिफिकेट पण. फक्त ब्रेंटफर्ड-टेडिंग्टन तुकड्यात नॅरोबोटींना सूट आहे, तिथे निघताना आणि पोचल्यावर लंडन व्हीटीएसला (नदीवरच्या वाहतुकीच्या नियंत्रण कक्षाला) फोन करायचा असतो. इन्शुरन्सवाल्यांना ईमेल करून भरतीचं पाणी धरलंय का ते लेखी घ्या. लाइमहाउस लॉकला किमान २४ तास आधी सांगावं लागतं, ब्रेंटफर्डलाही येतोय म्हणून कळवा. टेडिंग्टनच्या वर जायचं असेल तर तिथे एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचं लायसन्स वेगळं, कॅनॉलचं चालत नाही.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या रात्री लाइमहाउस बेसिनमध्येच या. सकाळी टेबलावरच्या वस्तू, पुस्तकं, भांडी सगळी खाली जमिनीवर. छपरावरच्या सायकली आणि लाकडं एकतर बांधा नाहीतर उतरवा. इंजिन अर्धा तास गरम होऊ दे.

लॉकमध्ये दोर भिंतीवरच्या उभ्या तारेभोवती फिरवून हातात धरायचा, बांधायचा नाही, पाणी खाली जातं आणि बांधलेला दोर बोट लटकवतो. लॉककीपरशी बोलायला चॅनल ८०, मग दार उघडायच्या आधी चॅनल १४ वर लंडन व्हीटीएसला सांगायचं, बोटीचं नाव, लांबी, कुठून कुठे, किती माणसं. त्यानंतर रेडिओ १४ वरच.

दार उघडलं की घाबरून हळू जाऊ नका. पुढचं टोक प्रवाहात गेलं की भरती ते उजवीकडे म्हणजे वरच्या दिशेला ढकलते आणि मागचं टोक अजून भिंतींच्या मधेच असतं. डावी-उजवी बघा, रस्ता मोकळा आहे याची खात्री करा, आणि मग जोर देऊन एका दमात बाहेर. पुढे उजव्या बाजूने चालायचं. वर जाताना उजवी बाजू म्हणजे उत्तर काठ, ब्रेंटफर्डही उत्तरेलाच, म्हणजे नदी ओलांडायचीच नाही, वर जाणं सोपं आहे ते यामुळे.

पुलाच्या ज्या कमानीवर दोन नारिंगी दिवे शेजारी-शेजारी असतात ती वाहतुकीची कमान. त्रिकोणात तीन लाल दिवे किंवा तीन लाल चकत्या म्हणजे बंद. एखाद्या कमानीखाली गवताचा भारा लटकलेला दिसला तर तिथे काम चालू आहे आणि उंची कमी झालीय, हा जुना नियम अजून चालतो, २०२३ मध्ये मिलेनियम ब्रिजवर तो भारा लटकला होता. पांढरा दिवा लुकलुकत असेल तर मोठी बोट त्या कमानीतून येतेय, बाजूला राहा. पुलाच्या खांबाजवळ पाणी खेचतं, कमानीच्या मधल्या भागात सरळ शिरा आणि आत सुकाणू जास्त हलवू नका.

टॉवर ब्रिज ते व्हॉक्सहॉल हा सगळ्यात खवळलेला तुकडा. क्लिपर बोटींच्या लाटा दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींवर आपटून परत येतात, त्यामुळे लाट कुठून येईल सांगता येत नाही. लाट आडवी घेऊ नका, स्पीड कमी करून पुढचं टोक तिरकं तिच्याकडे करा, गेली की परत जोर. स्पीड कमी म्हणजे न्यूट्रल नाही, पंखा फिरत नसेल तर सुकाणूला अर्थच नाही. आणि रिव्हर्समध्ये नॅरोबोट सुकाणू मानत नाही, ते नदीवर अजिबात विसरू नका. पार्लमेंटच्या इमारतीपासून ७० मीटर लांब राहायचं, बंदी आहे, आणि ती आपल्याच बाजूला येते, त्यामुळे वेस्टमिन्स्टर ब्रिजच्या आधीच मागे बघून थोडं मधे सरका. पिवळे कंटेनर ओढणारे टग दिसले तर वाट त्यांची.

नांगरलेल्या बार्जच्या पुढच्या बाजूला, म्हणजे जिथे प्रवाह येऊन धडकतो तिथे, कधीही जवळ जाऊ नका. त्यांची टोकं खालून तिरकी असतात, पाणी त्यांच्या पोटाखाली जातं आणि अडकलेली बोट तिथे कलंडते.

वँड्सवर्थनंतर नदी शांत होते आणि रोइंगवाले सुरू होतात. ते आठ जण पाठमोरे बसलेले असतात आणि काठाच्या जवळून उलटसुलट येतात, हळू जा, लाट करू नका.

इंजिन थांबलं तर

गती असेपर्यंत सुकाणूने मोकळ्या पाण्याकडे वळा, खांब आणि बार्जपासून लांब. पुढच्याला खूण, नांगर खाली, फेकायचा नाही, सोडायचा, आणि दोर हळूहळू देत जायचा. लगेच १४ वर व्हीटीएसला सांगा, जीवाला धोका असेल तर १६ वर मेडे. ताशी ३ मैलांच्या प्रवाहात बोट मिनिटाला ८० मीटर जाते, फिल्टर बघायला आधी खाली उतरलात तर पुढचा पूल येऊन गेलेला असेल. नांगर लागला की मगच फिल्टर. वॉटर्लू ब्रिजजवळ आणि चिझिकला आरएनएलआयची (बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या लाइफबोट संस्थेची) स्टेशनं आहेत, थेम्सवर त्यांची सेवा २००२ पासून आहे. १९८९ मध्ये मार्शनेस ही पार्टीची बोट बुडून ५१ माणसं गेली, त्यानंतरच्या चौकशांमधून ही सोय झाली. बोलवायला संकोच करू नका.

ब्रेंटफर्डला आत शिरणं

तोंड डोळ्यासमोर दिसतंय म्हणून थेट वळू नका, भरती तुम्हाला आडवं करून भिंतीवर नेईल. तोंड ओलांडून पुढे जा, मोकळ्या जागेत पूर्ण वळून प्रवाहाला तोंड करा, वळायला मिनिट लागलं तर तेवढ्यात ८० मीटर वर गेलेले असाल हे धरून जागा निवडा. मग इंजिनवर बोट जवळजवळ जागच्या जागी धरून हळूहळू बाजूला सरकत आत या. खाली लाइमहाउसला उतरत असाल तर हेच, फक्त ओहोटीत आणि जास्त अवघड, कारण तिथे जागा कमी आणि वाहतूक जास्त.

थेम्स लॉकनंतर लगेच बांधू नका, तिथलं पाणी अजून वरखाली होतं. पुढचं गेजिंग लॉक आपल्या किल्लीने उघडून पार करा आणि मग दोर लावा. व्हीटीएसला पोचलो म्हणून कळवा. दाराच्या जाळ्यांवरचं प्लायवूड स्टोव्ह पेटवायच्या आधी काढा. बिल्जमध्ये किती पाणी आलंय ते मोजा, वीड हॅच उघडून बघा. आणि शेवटी डिझेल फिल्टरची काचेची वाटी खोला. तळाला काळा चिखल किंवा पाण्याचा थेंब दिसला तर टाकी अजून साफ नाही, पुढच्या वेळेची तारीख टाकी साफ झाल्यावरच काढा.